साथ, वसवसा आणि शेजाऱ्याचा हक्क

१९९४ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या बीड जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते मामला या लहानशा गावामुळे. आधी घरांतून उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांच्या काखेत, जांघेत गाठी दिसू लागल्या. १९६६ नंतर देशात न दिसलेला प्लेग परत आला होता. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली. दूर दिल्लीतही औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीनच्या गोळ्या संपल्या. सारे शांत झाल्यावर मृतांचा सरकारी आकडा साठाच्या आतच राहिला. रोग आवरला, भीतीचा पसारा मात्र रोगापेक्षा कितीतरी मोठा होता.

मामला आणि घाटनांदूर एकाच जिल्ह्यात असले तरी शेजारची गावे नव्हेत. पण भीतीला अंतर कळत नाही. आणि आमचे घाटनांदूर म्हणजे रेल्वेचे गाव. परळीकडून, विकाराबादकडून येणारा-जाणारा चालूच. कोणाच्या अंगाबरोबर काय उतरेल, याचा हिशेब अशा गावात प्रत्येक जण मनात मांडतो. सकाळी उठल्याबरोबर काखा चाचपायच्या, खोकला आला की घरच्यांच्या तोंडाकडे पाहायचे, ताप नसला तरी कपाळ गरम लागायचे. २०२० साली तेच पुन्हा झाले. फक्त गाठींच्या जागी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला.

अशी भीती वाटणे हा इमानाचा कच्चेपणा आहे काय? साथीच्या दिवसांत मोहल्ल्यात याची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, मौत आपल्या वेळेला येणार, मग तोंड बांधून काय उपयोग? दुसरा म्हणतो, जान है तो जहान है, आपले दार लावून घ्या. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. पहिल्यात खबरदारीचे कष्ट वाचतात, दुसऱ्यात शेजाऱ्याचे.

हा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. हिजरी १८ च्या सुमारास हजरत उमर (रजि.) शाम देशाकडे निघाले असता वाटेत ताऊनची, म्हणजे प्लेगची, खबर मिळाली. त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहने लिहिलेल्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, खोऱ्याची एक बाजू हिरवी व दुसरी उजाड असेल, तर उंट हिरव्या बाजूला चारणे हीसुद्धा तकदीरच. मग, साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असलेल्याने तिथून पळू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण एका सहाबींनी सांगितली.

आपल्याकडे वाजमध्ये हा प्रसंग बहुधा इथेच संपतो. खरा अवघड भाग पुढे आहे. उमर (रजि.) मदिनेला परतले, अबू उबैदा (रजि.) शाममध्ये आपल्या माणसांत राहिले. त्यांना साथीतून बाहेर बोलावून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यामागचा हेतू ओळखून त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्याच साथीत त्यांचे निधन झाले. एकाने परत फिरून धर्म पाळला, दुसऱ्याने थांबून.

या शिकवणुकीची अर्धी बाजू पाळायला कोणालाच जड जात नाही. बाहेरच्याने आत जाऊ नये, हे आम्ही आनंदाने ऐकतो. आतल्याने बाहेर येऊ नये, ही अर्धी बाजू मात्र जिवावरची आहे. जो आत थांबतो तो कोणासाठी थांबतो? बाहेरच्यांसाठी. म्हणजे बाहेर सुखरूप असलेल्या प्रत्येकावर त्याचे कर्ज चढते. त्याला धान्य, पाणी, औषध पोचवणे, त्याच्या मय्यतीला खांदा मिळेल हे पाहणे हे उपकार नव्हेत, ती कर्जफेड आहे. सुरतेत अनेक खासगी डॉक्टरच शहर सोडून गेले, मग झोपडीतल्या मजुराने लेकरे घेऊन पळू नये असे कोणत्या तोंडाने सांगायचे? बाहेरचे आपला वाटा उचलत नाहीत तेव्हा आतल्याला 'थांब' म्हणणे हा जुलूम होतो.

जुलमाने रोग हटत नाही, उलट लपतो. मार्च १८९८ मध्ये मुंबईतील प्लेगच्या वेळी एका आजारी मुलीला घरातून नेण्यासाठी पथक आले, तेव्हा मुस्लिम विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण दवाखान्यात नेलेली मुलगी परत दिसेल काय, तिच्या अब्रूचे काय, तिच्या जनाज्याचे काय, या प्रश्नांची उत्तरे कोणी दिली नव्हती. रोगापेक्षा रोग शोधणाऱ्याची भीती मोठी झाली की माणूस खोकला दाबून ठेवतो. २०२० साली तबलीगच्या निमित्ताने तेच झाले. भाजीच्या गाड्यावर नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असावे, असे मत नोंदवले. पण गाड्यावर गेलेली पत न्यायालय परत देऊ शकत नाही. आणि हा संशय एकाच समाजाच्या वाट्याला आला असेही नाही. त्याच वसंतात कारखान्यांवरून परतणारे ऊसतोड मजूर आपल्या जिल्ह्यातलेच होते, तरी राज्यात कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या.

इथे आपल्या बोलीतला 'वसवसा' हा शब्द उपयोगी पडतो. खबरदारी वेगळी, वसवसा वेगळा. वजू करून झाल्यावर तुटला की काय म्हणून पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्याला फिकहचे जाणकार सांगतात की, खात्रीने ठरलेली गोष्ट नुसत्या शंकेने मोडत नाही. आजाराच्या शंकेलाही हेच लागू आहे. लक्षण दिसले तर तपासून घ्यावे, तपासणीत निघाले तर उपचार घ्यावेत, निघाले नाही तर कामाला लागावे. वसवसा मात्र तपासणीने थांबत नाही. तो आधी स्वतःच्या शरीरावर संशय घेतो आणि तिथे भागले नाही की शेजाऱ्याच्या नावावर, वस्तीवर, कपड्यांवर घेतो.

एप्रिल २०२१ मध्ये आपल्या अंबाजोगाईला शासकीय रुग्णालयातून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात नेले गेले. घाटनांदूरचा आजारी माणूस त्याच अंबाजोगाईला जातो, म्हणून ती बातमी आम्हाला परक्यासारखी वाचता आली नाही. त्याच काळात राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम तरुण अंगावर किट चढवून बेवारस पडलेल्या हिंदू प्रेतांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे अग्नी देत होते. या तरुणांना भीती नव्हती असे नाही. घरी त्यांचीही लेकरे होती, म्हणून तर किट घातले होते. पण ती भीती त्यांनी हातमोज्यापर्यंतच ठेवली, मनावर बसू दिली नाही.

भिणे गुन्हा नाही. आमच्या भीतीची किंमत कोण मोजतो, हा खरा सवाल आहे. ती आम्ही मोजली, म्हणजे तोंड बांधले, लस घेतली, ताप आल्यावर आपणहून घरात थांबलो, तर ती खबरदारी. ती शेजाऱ्याने मोजली, म्हणजे त्याचे किराणा बंद झाले, त्याची मय्यत ताटकळत पडली, तर तो वसवसा, मग त्याला कितीही शहाणपणाचे नाव द्या. साथी पुढेही येतील. तेव्हा गल्लीत कोणाच्या घराला टाळे लागले, तर ते कशाने लागले हे विचारण्याआधी त्या दाराशी दूध, पीठ आणि गोळ्या कोण ठेवणार, हे आधी ठरले पाहिजे.