शुद्धी आणि क्षय
दोष काढणे म्हणजे वस्तूत भर घालणे की तिच्यातून काही वजा करणे, हा तात्त्विक प्रश्न मोटारीच्या रंगदुरुस्तीत प्रत्यक्ष रूप घेतो. कारण पॉलिश, म्हणजे सूक्ष्म अपघर्षक कणांचा लेप, ओरखडा बुजवत नसून त्याच्याभोवतीचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरील साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक थर, झिजवतो आणि झिजलेला थर पुन्हा वाढत नाही. म्हणून नवशिक्याने मऊ फोमचा पॅड व सौम्य पॉलिश घेऊन लहानशा भागावर चाचणी करावी आणि दोष उरला तरच टप्प्याटप्प्याने तीव्रता वाढवावी, यात गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्त, म्हणजे प्रमाणबद्ध, आचरणाचाच विवेक आहे. नखाला अडकणारा खोल ओरखडा मात्र राहू द्यावा. पूर्णतेच्या हट्टापायी संरक्षण गमावणे ही शुद्धी नव्हे, तो क्षयच होय.