शाळेच्या अलीकडची गल्ली

मूल शाळेसाठी तयार आहे का, हे आपल्याकडे अजूनही त्याला मुळाक्षरं आणि आकडे येतात का यावर ठरतं. पहिलीत मूल अडतं ते मात्र बहुधा दुसरीकडेच: आपली पाळी येईपर्यंत थांबणं, अनोळखी मोठ्या माणसाचं बोलणं समजून घेणं, हवं ते पूर्ण वाक्यात सांगणं. घरात हे निम्मंच शिकता येतं, कारण आईला अर्ध्या शब्दावरून कळतं. शेजारच्या काकूंना सगळं नीट सांगावं लागतं. लपंडावात लिंबूटिंबू म्हणून घेतलेलं तीन वर्षांचं पोर राज्य न घेता मोठ्यांचे नियम, भांडणं आणि समेट जवळून पाहत असतं. चार वर्षांच्या मुलांचा वेगळा वर्ग भरवून ही मिश्र वयाची संगत मिळत नाही.

मुलांच्या तयारीतली तफावत हा वस्तीचा नव्हे, घरच्या परिस्थितीचा परिणाम आहे, असा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गरीब कुटुंब गरीब वस्तीतच राहतं, मग दोन्ही वेगळे कसे काढायचे? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात क्लाइड हर्ट्झमन यांनी बालवर्गातल्या शिक्षिकांच्या नोंदींवरून मुलांच्या विकासाचे वस्तीवार नकाशे काढले. उत्पन्नाने तफावतीचा बराच भाग उलगडला, सगळा नाही. काही गरीब वस्त्यांतली मुलं अपेक्षेपेक्षा पुढे निघाली. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत सोडत काढून गरीब कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी घरभाड्याची मदत दिली गेली. तेराव्या वर्षाच्या आत तिकडे गेलेल्या मुलांची तरुणपणीची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त भरली, असं राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. परीक्षेच्या गुणांत मात्र फारसा फरक पडला नव्हता. वस्ती मुलाला जे देते ते प्रश्नपत्रिकेत उतरत नाही, असा अर्थ मी यातून काढतो.

म्हणून जुन्या वाड्याचाळींचे गोडवे गावेत असं नाही. तिथली आपुलकी जातीच्या रेषेवर थांबत असे, आणि मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन स्वतःच्या शाळेला मुकत असे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. शेजार आहे तसा बरा, असं त्यांनी मानलं नाही. त्याच्या आत शिरून तो बदलला.

आज मुंबईत झोपडीतून बाराव्या मजल्यावर गेलेल्या कुटुंबाला पक्की भिंत, नळ आणि संडास मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. पण त्या घरातलं तीन वर्षांचं मूल एकटं खाली उतरू शकत नाही, आणि आई कामावर असेल तर दिवसभर दाराआडच राहतं. पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडीला जागा आहे. मजल्यावरचा प्रकाश, रुंद व्हरांडा, हाकेच्या अंतरावरचं अंगण यांचा मुलांच्या दृष्टीने हिशेब मात्र शिक्षण खातं करत नाही आणि नगररचना खातंही. नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर अंगणवाडी सेविकेचं म्हणणं ऐकलं गेलं, तर व्हरांडा किती रुंद हवा हे ती सांगू शकेल.