जांभ्याचा माळ आणि खरोशाची लेणी

बालाघाटाची रांग बीड जिल्ह्यातून आग्नेयेकडे उतरत लातूर-नांदेडच्या सीमांपर्यंत येते. तिच्या एका उतारावरचे पाणी मन्याडीसारख्या नद्यांनी गोदावरीकडे आणि दुसऱ्या उतारावरचे तेरणा-मांजरेकडे जात असले, तरी सह्याद्री पाहिलेल्या माणसाला या रांगेस डोंगर म्हणणे जड जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर येथे एकावर एक आडवे पसरले आणि पुढे ते झिजत गेले, तेव्हा सुळक्यांऐवजी पायऱ्यापायऱ्यांची पठारे उरली. पठाराची कड जेथे तुटून खाली उतरते तेवढाच येथला कडा, आणि त्याच्या माथ्यावर कुसळी गवताचा, बोरी-बाभळीचा उघडा माळ. सपाटीतून एकट्याच उठलेल्या टेकडीला या भागात बेट म्हणतात; उदगीरजवळचे हत्तीबेट आणि औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाणारे वडवळ-नागनाथचे बेट ही त्याची ठळक उदाहरणे होत.

औसा तालुक्यातील खरोशाचा डोंगर याच कुळातला, आणि त्याचे सारे वैशिष्ट्य त्याच्या दगडात आहे. उष्ण, दमट हवेत काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, दीर्घकाळ कुजत राहिला की त्यातील सिलिका आणि चुना पाण्याबरोबर निघून जातात, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात, आणि त्यांतून तांबूस, छिद्राछिद्रांचा जांभा तयार होतो. ताजा कापताना तो मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होत जातो. साधारणतः सहाव्या ते आठव्या शतकात येथे लेणी खोदणाऱ्या कारागिरांना हा गुण ठाऊक असलाच पाहिजे, कारण त्याच्याच बळावर त्यांनी खांबांची दालने कोरली आणि त्यांत नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण यांना आकार दिला. परंतु जो दगड छिन्नीला सहज वाट देतो, तो कोरलेली रेघ जपत नाही. बोटांची ठेवण, दागिन्यांची नक्षी, ओठांची कड ही पावसाने आणि शतकांनी पुसत नेली असून, आज भिंतीवर उरले आहेत ते प्रामुख्याने देहांचे भार आणि त्यांच्या हालचाली.

पुरातत्त्व सर्वेक्षक जेम्स बर्जेस याने 1875-76 च्या पाहणीत ही लेणी नोंदवली आणि 1878 च्या अहवालात त्यांचे वर्णन केले. तरीही वेरूळची वाट तुडवणाऱ्या मराठी वाचकाला ती अपरिचितच राहिली. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवीत आणि हे लट्टलूर म्हणजेच लातूर असे मानले जाते. पण आठव्या शतकात त्या घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या नावाशी जोडले गेलेले कैलास लेणे उभे राहिले ते वेरूळच्या काळ्या पाषाणात. म्हणून खरोशाला वेरूळचा दुबळा नमुना म्हणणे अन्यायाचे आहे, कारण दोन दगडांनी दोन वेगळ्या कला मागितल्या, आणि जांभ्याने मागितलेली कला बारकाव्याची नसून उभारणीची होती. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरची पांडवलेणी पाहिल्यावर, बेसॉल्टमध्ये खांबाची धार किती वेगळी राहते, हे डोळ्यांनीच पटते.

चढाईचा प्रश्नही दगडच सोडवतो. दोर आणि खिळे घेऊन कडा चढण्याचा जो खेळ सह्याद्रीत रुजला, त्याला भरवशाचा आधार देईल असा हा पाषाण नाही, आणि प्राचीन लेण्यांच्या अंगात खिळा ठोकण्याचा हक्क कोणाही हौशीला असू शकत नाही. येथली चढण पायांची आहे: माथ्यावरच्या रेणुकादेवीला जाणारा भाविक, गुरे घेऊन निघालेला गुराखी आणि लेणी पाहणारा अभ्यासक एकाच उतारावरून जातात. उंची थोडी असल्यामुळे दम लागत नाही, मन विचारांना मोकळे राहते. आणि माथ्यावरून चारी दिशांना सोयाबीन-तुरीची शेते दिसू लागली, की काळ्या रानाला धक्का न लावता पूर्वजांनी आपली देवस्थाने नांगर न चालणाऱ्या दगडात का नेली असावीत, याचे एक उत्तर सुचते.

याच औसा तालुक्यातील किल्लारी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात कोसळली आणि परिसरातील हजारो माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली गेली. मराठवाड्यात दगडाकडे केवळ सौंदर्य म्हणून पाहणे त्यानंतर शक्य राहिलेले नाही. सांधलेला दगड आणि अखंड डोंगरात कोरलेला दगड यांतील भेद येथे शिल्पशास्त्रापुरता उरत नाही.

हा दगड आणि हा माळ जपतानाही सावधपणा हवा. माळाला पडीक समजून त्यावर सरसकट झाडे लावणे, झिजलेल्या मूर्तीला रंग फासणे, पाझरणारी भेग सिमेंटने बुजवणे या तिन्ही कृती सद्‌भावनेने होतात आणि तिन्ही घातक ठरू शकतात: उघड्या गवताळ माळाचे पक्षी, ससे आणि लांडगे दाट सावलीत टिकत नाहीत, रंगाखाली शिल्पाची उरलीसुरली रेषाही दिसेनाशी होते, आणि छिद्राळ जांभ्यात मुरलेल्या पाण्याचा मार्ग सिमेंटने अडला तर ते शेजारची कमकुवत जागा फोडून बाहेर येते. पहिली गरज आहे ती लेण्यांच्या माथ्यावरचे पावसाचे पाणी चर काढून बाजूला वळवण्याची, आणि प्रत्येक भिंतीची आजची स्थिती छायाचित्रांसह नोंदवून ठेवण्याची.