आधी सूर सांग

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक जुने कारागीर होते. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. तंबोरा घ्यायला कोणी आलं की भिंतीला टेकवलेली वाद्यं ते लगेच खाली काढत नसत. आधी विचारत, "सूर कुठला?" पेटीची काळी एक म्हणणाऱ्याला लांब दांडीचा मर्दानी तंबोरा, काळी चार म्हणणारीला आखूड दांडीचा. ज्याला आपला सूर सांगता येत नसे त्याला समोर बसवून गायला लावत, आणि तोवर हातातलं काम चालू ठेवत.

त्याच गल्लीच्या तोंडाशी राहणारी एक मुलगी गाणं शिकत होती आणि संगणकावर गाणी बसवतही होती. गावोगावच्या भजनी मंडळांचे अभंग ती ध्वनिमुद्रित करायची, घरी आणून त्यांत तंबोरा, पेटी, कधी व्हायोलिन भरायची आणि मंडळाला पक्कं गाणं करून द्यायची. तिचा जुना लॅपटॉप थकला होता. ४ जीबी मेमरीच्या त्या यंत्रात दहा-बारा ट्रॅक झाले की आवाज तडतडायला लागायचा. शिकवण्या घेऊन तिनं लाखभर रुपये साठवले होते आणि तिला हायब्रिड लॅपटॉप हवा होता: पडदा उलटा दुमडून पेटीच्या शेजारी ठेवता येईल, पेननं त्यावर स्वरलिपी लिहिता येईल आणि फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, बोटानं सरकवता येईल असा.

तिच्या तंबोऱ्याची जवारी काढून झाली होती, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून स्वर खुलवून झाला होता, म्हणून ती चाचांकडे गेली, तेव्हा हातात फोन होता आणि फोनवर पुण्याच्या मामेभावानं पाठवलेली यादी. कोणत्या यंत्रात किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, कोणतं ग्राफिक्स कार्ड.

"चाचा, यांतला सगळ्यांत ताकदवान घेणार आहे."

चाचांनी घोडीवरून नजर काढली नाही. "सूर कुठला?"

"लॅपटॉपला कसला सूर, चाचा?"

"मग त्यावर तू काय करणार, ते तरी सांग. एका वेळी किती जणं वाजवणार? तू समोर बसून गाणार की आधीचं जुळवणार? घरी बसणार की एसटीनं फिरणार?"

मुलीला यांतल्या एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर देता येईना. रोजचं काम तिचंच होतं, पण ते असं मोजून तिनं कधी पाहिलं नव्हतं. चाचांनी तिला मग एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. ऐपतवाली बाई होती, गळा काळी चारचा, आणि हट्ट दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या तंबोऱ्याचा. पंढरपूरकडच्या शेतातला थोराड भोपळा, तुणाच्या लाकडाची लांबलचक दांडी, वर कोरीव पानं. नेला. लांब तारा तिच्या सुरापर्यंत चढवायच्या म्हणजे ताण इतका की आठवड्याला एक तार तुटायची. शेवटी वाद्य दिवाणखान्यात उभं राहिलं आणि बाई रियाज शेजारणीच्या लहान तंबोऱ्यावर करू लागली. "तंबोऱ्यात खोट नव्हती, बेटी," चाचा म्हणाले, "आजही मी त्याला उत्तमच म्हणेन."

त्या रात्री मुलीनं वहीत आपलं काम लिहून काढलं. एका अभंगात साधारण वीस-बावीस ट्रॅक, त्यांत पखवाज, टाळांच्या दोन जोड्या, वीणा, मुख्य गळा, कोरसातले सात-आठ आवाज. वर तंबोरा, पेटी आणि व्हायोलिन, ही तिन्ही सॅम्पलमधून, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या मुद्रित आवाजांतून. ती सगळी मेमरीत भरावी लागतात. मुद्रण खेड्यातल्या देवळात, माणसांच्या गराड्यात, आणि घरी स्वतःच्या एकाच खोलीत, जिथे माइक आणि लॅपटॉप दोन हातांच्या अंतरावर असतात. महिन्यातून तीन-चारदा प्रवास. लिहिता लिहिता यादीतलं ग्राफिक्स कार्ड आपोआप खोडलं गेलं. खेळांसाठी आणि चित्रफितींसाठी त्याचा उपयोग, आवाजाच्या कामाला ते जवळजवळ काहीच करत नाही.

दोन दिवसांनी चाचांना तारा आणायला सांगलीला जायचं होतं. मुलीनं आपला सगळ्यांत जड अभंग पेनड्राइव्हवर घेतला, रीपर हे सॉफ्टवेअरही त्यावरच बसवलं, माइकचा ऑडिओ इंटरफेस आणि छोटा कीबोर्ड पिशवीत टाकला आणि दोघं बसमध्ये बसली. तिथला लॅपटॉपचा दुकानदार भला माणूस निघाला. गर्दी नव्हती, त्यानं तिला हवं ते करू दिलं.

पहिलं यंत्र डोळ्यांत भरणारं होतं. पडदा कीबोर्डपासून सुटा निघायचा आणि पाटीएवढा पातळ. अशा सुट्या पडद्याच्या यंत्रात प्रोसेसर, मेमरी, बॅटरी असं सगळं काचेच्या मागे कोंबलेलं असतं, आणि या यंत्रात तर पंखाही नव्हता. अभंग लावला. बावीसच्या बावीस ट्रॅक सुरळीत वाजले. दुकानदार बिलबुकाकडे वळलाही.

चाचा म्हणाले, "वाजू दे. तंबोरासुद्धा जुळवल्या जुळवल्या चांगलाच बोलतो."

अभंग फिरून फिरून वाजत राहिला. पाव तास होत आला तेव्हा कोरसाच्या जागी एक बारीक "तड" आला. पुढच्या फेरीत दोन, त्यानंतर पखवाजातही. चाचांनी पडद्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि काढून घेतला. इतकी ती तापली होती. प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ जोरात पळतो आणि खोक्यावर छापलेला मोठा आकडा त्या पळण्याचा असतो. उष्णता बाहेर जायला वाट नसेल तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणतं. पत्र लिहिणाऱ्याला किंवा सिनेमा पाहणाऱ्याला हे कळतही नाही, गाणं बसवणाऱ्याला मात्र लगेच कळतं.

याचं कारण जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण इथेच बहुतेकांचे पैसे चुकतात. संगणकावरच्या साध्या मुद्रणात एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. ते एकेक न पाठवता गठ्ठ्यानं पाठवले जातात, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद. तो वाजून संपायच्या आत पुढचा गठ्ठा तयार असलाच पाहिजे. दिवसभरात यंत्रानं किती काम उपसलं याला इथे किंमत नाही. तबलजी कितीही तयारीचा असो, सम चुकली की मैफलीला तेवढीच ऐकू जाते, तसं हे आहे. म्हणून संगीतासाठी ताकद मोजायची ती तासाभरानंतरही टिकणारी. पहिल्या मिनिटाची मोजून उपयोग नाही.

दुसरं यंत्र मामेभावाच्या यादीत सर्वांत वर होतं. ते हायब्रिड नव्हतं. जाड, जड, खेळांसाठी बनवलेलं, ४५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर. अभंग त्यानं सहज पेलला, अर्ध्या तासानंतरही एक तड नाही. मुलीचा चेहरा उजळला. मग तिनं माइक लावून दोन ओळी गाऊन पाहिल्या आणि कानांवरच्या हेडफोनमध्ये तिला आपल्या आवाजामागे एक सलग घोंगावणं ऐकू आलं. पंखे. तंबोऱ्याच्या खर्जाची आस विरत जाते तिथे हे घोंगावणं बसणार, आणि तिच्या एका खोलीत लॅपटॉप लांब ठेवायला जागाच नाही. शिवाय पडदा दुमडत नव्हता, पेन चालत नव्हतं, आणि चार्जर धरून वजन असं की एसटीत मांडीवर घेऊन बसायचीच शिक्षा.

तिसरं यंत्र मधलं होतं. पडदा ३६० अंशांत मागे फिरणारा, पण कीबोर्डाखालचा भाग जाड, त्यात पंखा आणि हवेच्या जाळ्या. १६ जीबी मेमरी, आणि इंटरफेसची नेहमीची चौकोनी यूएसबी वायर सरळ बसेल अशी एक जागा. यादीत ते खालून दुसरं होतं. अभंग लावला, पडदा तंबूसारखा उभा केला. पाव तास, अर्धा तास. पंखा हळू फिरत राहिला. माइक लावून नुसतं मुद्रण करताना, जेव्हा काम हलकं असतं, तेव्हा तो जवळजवळ ऐकूच येईना. मुलीनं पेननं पडद्यावर ध्रुवपदाचे स्वर लिहून पाहिले, बोटानं वीणेचा फेडर खाली आणला.

कीबोर्ड जोडून ती व्हायोलिन वाजवू लागली तेव्हा चाचा म्हणाले, "बोट आधी पडतंय, स्वर मागून येतोय." बफर ५१२ वर राहिला होता. म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर, आणि गाताना स्वतःचा आवाज संगणकातून ऐकायचा तर आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, असा दुप्पट. तिनं तो १२८ वर आणला. स्वर बोटाखाली आला. सत्तरीच्या माणसाच्या कानाला मिलिसेकंद कळले, याचं दुकानदाराला नवल वाटलं. आयुष्यभर घोडीवर तारेखालचं सूत केसाच्या अंतरानं सरकवून आस ऐकणाऱ्याला ते न कळतं तरच नवल होतं.

पण बफर लहान केला आणि कोरसाच्या त्याच जागी याही यंत्रात एक "तड" आला. मुलगी हिरमुसली. "म्हणजे हेही कमीच पडतं."

"इतर कुठे येतो?"

"नाही. फक्त कोरसात."

"मग कोरसात काय केलंयस ते बघ."

तिनं उघडून पाहिलं. कोरसाच्या सगळ्या आवाजांचा एक ट्रॅक करून त्यावर तिनं सात इफेक्ट एकापुढे एक चढवले होते. त्यांतले दोन जबर जड घुमाराचे, म्हणजे रिव्हर्बचे, एकच पुरे असताना. एकापुढे एक लावलेले इफेक्ट आपापली पाळी येईपर्यंत थांबतात. त्यामुळे ती साखळी सहसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते आणि बाकीचे कोअर कितीही असले तरी मदतीला येत नाहीत. तिनं एक घुमार काढला आणि तो ट्रॅक फ्रीझ केला, म्हणजे इफेक्टसकट एकदाच मुद्रित करून ठेवला. तड गेला.

चाचा हसले. "भोपळा बदलायला निघाली होतीस, बेटी. सूत सरकवायचं होतं."

मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "चाचा, हे मी घरच्या लॅपटॉपवर आधी करून बघते. मगच घेते."

दुकानदाराचा चेहरा पडला, चाचांचा खुलला. दोघं तारा घेऊन मिरजेला परतली.

घरी तिनं जुन्या यंत्रावर तीन अभंग उघडले. अर्धी तडतड नुसत्या नीट मांडणीनं गेली. उरलेली जाईना, कारण पेटी आणि व्हायोलिनची सॅम्पलं ४ जीबीत मावतच नव्हती, आणि पेन तर त्याला कुठून येणार? आता तिला आपल्याला काय कमी पडतंय ते शब्दांत सांगता येत होतं. पुढच्या आठवड्यात ती एकटीच सांगलीला गेली आणि तिसरं यंत्र घेऊन आली. मामेभावाच्या यादीतल्या सर्वांत वरच्या यंत्रापेक्षा ते स्वस्त पडलं होतं. वाचलेल्या पैशांतून तिनं एक चांगला माइक घेतला आणि त्यावर पहिलं मुद्रण चाचांच्या दुकानात केलं, नुकत्याच जवारी काढलेल्या तंबोऱ्याचं. त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक अभंगाखाली मिरजेचा खरा तंबोरा वाजतो. सॅम्पलमधला तिनं काढून टाकला.

चाचा आजही सूर विचारतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून लांबलांबची गिऱ्हाइकं येतात, त्यांतल्या काहींना हा प्रश्न अपमानकारक वाटतो. ती दुसऱ्या दुकानात जातात. चाचा त्यांना अडवत नाहीत.

तुम्ही गाण्यासाठी असं यंत्र घ्यायला निघाला असाल तर आपलं सगळ्यांत जड गाणं बरोबर न्या आणि दुकानदाराकडे अर्धा तास मागा. चार्जर लावून वाजवा, काढूनही वाजवा, आणि मध्येच यंत्राच्या पाठीवर हात ठेवून बघा. मेमरी मात्र पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या. बहुतेक हायब्रिड लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच डाग दिलेली असते, नंतर वाढवता येत नाही.