कोकराची पापणी

दिवाळी सरली की फलटण-माणकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात. गेल्या साली वाटेत आमच्या रानात एक वाडा पडला. त्यातला म्हातारा एकेक मेंढी धरून तिची पापणी उलटून पाही. लालसर असली की सोडून देई. पांढुरकी असली की जंताचे औषध पाजी.

"बाबा, सगळ्यांनाच का पाजत नाही?" मी विचारले.

"समद्यास्नी पाजलं, तर औषधच मरतंय, मास्तर!"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पुस्तके चाळली तेव्हा म्हाताऱ्याचे म्हणणे उमगले. मेंढीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा जंत असतो. १९६१ साली थायाबेंडाझोल नावाचे नामी औषध आले आणि १९६४ सालीच त्याला न जुमानणारे जंत अमेरिकेत आढळले. सरसकट औषध पाजले की निर्ढावलेले तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून काही मेंढ्यांच्या पोटातले जंत मुद्दाम राखायचे! पापणीचा रंग ताडून पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तर रंगांचे कार्डच काढले आहे.

बरे, धडधाकट मेंढीच्या पोटात जंत नसतात असेही नाही. असतात; पण ती त्यांना आवरून धरते. ही ताकद आईच्या दुधातून मिळत नाही. कोकराने चरताना थोडेथोडे जंत गिळावेत, सोसावेत, तेव्हा काही महिन्यांनी ती येते. आईची गत आणखी विचित्र. विण्याच्या सुमारास तिचा कस गर्भाकडे आणि दुधाकडे जातो, तिची स्वतःची ताकद ढळते. जंतांची अंडी लेंड्यांतून गवतावर पडतात आणि त्याच गवतावर तिचे कोकरू चरू लागते. यात तिचा दोष तो कोणता?

हे वाचले आणि मी बराच वेळ दिवा मालवला नाही. माझ्या धाकट्याची गणिते मी वर्षानुवर्षे रात्री सोडवून देत आलो. पोर रडते, हे मला बघवत नसे. परीक्षेच्या दालनात त्याच्याशेजारी मी नव्हतो. निकाल लागल्यावर तो मला एक शब्दही बोलला नाही; बोलला असता तर बरे झाले असते.

पण म्हणून 'सोसू द्या पोरांना' असे म्हणायलाही जीभ रेटत नाही. सोसण्याचे पोवाडे गाणारे बहुधा पोटभर जेवून उठलेले असतात. जबड्याखाली सूज येऊन जे कोकरू मेले, ते काय शिकले? किती सोसू द्यावे, हे पापणी पाहिल्यावाचून कळत नाही. आणि पाहायचे तर एकेकाला जवळ धरावे लागते. साठ पोरांच्या वर्गात मी कितींना धरले?

निघायच्या सकाळी म्हाताऱ्याने एका कोकराची पापणी दोनदा उलटली. ती धड लाल नव्हती, धड पांढरी नव्हती. बाटली हातात घेतली, परत ठेवली. मग कोकरू खांद्यावर टाकून म्हणाला, "सांजच्याला पुन्यांदा बघू."

आणि वाडा हलला.