वारस आणि पंच

भाऊबंद या शब्दांत वाईट असें कांहींच नाहीं. पण त्याची भाऊबंदकी झाली कीं कोर्टकचेरी, मोजणीदाराची साखळी आणि बांधावरचें भांडण डोळ्यांपुढें उभें राहतें. राजघराण्यांतील भाऊबंदकीविषयीं लिहितांना आपले इतिहासकार बहुधा दुहीच्या नांवानें बोटें मोडतात आणि पुढें जातात. मला त्यांत नीतीचा एक प्रश्न दिसतो, आणि तो दुहीच्या प्रश्नाहून अवघड आहे. आपला हक्क खरा आहे अशी ज्याची प्रामाणिक खात्री आहे, त्यानें तो मिळविण्यासाठीं तिसऱ्याच्या दाराशीं जावें काय?

वर्धा नदीच्या या तीरावर राहणाऱ्यांस या प्रश्नासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. सन १८६२ मध्यें वेगळा काढलेला हा वर्धा जिल्हा त्यापूर्वीं नागपूर जिल्ह्याचाच भाग होता, आणि नागपूरकर भोसल्यांच्या घरांत हा प्रश्न शंभर वर्षांत तीनदां तरी उभा राहिला.

पहिला रघूजी भोसला सन १७५५ मध्यें वारला. त्याला चार मुलगे. जानोजी वयानें वडील, पण धाकट्या राणीचा. मुधोजी वयानें लहान, पण थोरल्या राणीचा. वयाचें माप लावावें तर पद जानोजीचें, आईच्या मानाचें लावावें तर मुधोजीचें. दोन्ही मापें त्या काळच्या लोकव्यवहारांत चालत होतीं, म्हणून दोघांपैकीं एकासही लबाड म्हणतां येत नाहीं. वाद पुण्यास गेला. नानासाहेब पेशव्यांनीं जानोजीस सेनासाहेबसुभा हें पद आणि मुधोजीस सेनाधुरंधर ही पदवी देऊन निवाडा केला. निवाड्याबद्दल नजराणा अर्थातच घेतला. मुधोजीस चांदा मिळाला, बिंबाजीस छत्तीसगड, साबाजीस वऱ्हाडांतील दारव्हा. कागदावर तंटा मिटला.

याच जातीचा तंटा यापूर्वीं जवळजवळ पांचशें वर्षें जपानांत उभा राहिला होता. गो-सागा नांवाचा सम्राट सन १२७२ मध्यें वारला. त्याचे दोन मुलगे, थोरला गो-फुकाकुसा व बापाचा आवडता धाकटा कामेयामा, त्याच्या हयातींतच एकामागून एक गादीवर बसले होते. परंतु यापुढें कोणाच्या वंशानें राज्य करावें हें बापानें स्पष्ट सांगितलें नाहीं. तो निर्णय त्यानें कामाकुरा येथील लष्करी सरकारावर सोपविला. मुलांवरच्या मायेपोटीं पुष्कळ बाप असेंच करतात, आणि त्याला ते समदृष्टि म्हणतात. कामाकुराच्या सरकारानें दोन्ही शाखांनीं आळीपाळीनें गादी भोगावी असा मार्ग काढला. पाळी आली कीं एक शाखा कामाकुराकडे धांवे, पाळी संपत आली कीं दुसरी धांवे. सन १३१८ मध्यें गादीवर आलेल्या गो-दाइगोनें ही पद्धतच मोडावयाचें ठरविलें. १३३३ मध्यें कामाकुराचें सरकार पडलें, तें मुख्यतः ज्या सरदारांच्या हातून पडलें त्यांतला अशिकागा ताकाउजी लवकरच सम्राटावर उलटला, आणि त्यानें दुसऱ्या शाखेचा सम्राट क्योटोंत बसविला. १३३६ च्या अखेरीस गो-दाइगो योशिनोच्या डोंगरांत गेला. खरीं राजचिन्हें आपल्यापाशींच आहेत असें तो म्हणे. पुढें छप्पन्न वर्षें जपानांत दोन सम्राट व दोन दरबार होते. १३९२ मध्यें दक्षिणेकडील सम्राटानें, पुन्हां आळीपाळी सुरू होईल या वचनावर, राजचिन्हें क्योटोच्या स्वाधीन केलीं. वचन पाळलें गेलें नाहीं.

या दोन गोष्टींत साम्य उघड आहे, पण मला त्यांतील भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. जपानांतील पंचांनीं सम्राट नेमले, काढले, पळविले. स्वतः मात्र त्या आसनावर ते कधीं बसले नाहींत. तें पद मनुष्यानें दिलेलें नाहीं अशी लोकांची समजूत होती, म्हणून सत्ता गेली तरी गादी राहिली. नागपूरचें पद मुळांतच वस्त्रांचें होतें. साताऱ्याच्या छत्रपतींनीं रघूजीला तें कर्तृत्वासाठीं दिलें. मुलांनीं त्याला पाटिलकीच्या वतनासारखें वडिलार्जित धरलें. पण जी वस्तु वरून मिळते ती घरांत भांडून आपली होत नाहीं. प्रत्येक पिढींत कोणी तरी वर बघावयाचें, आणि वर कोण बसलें आहे तें मात्र बदलत जावयाचें.

तें कसें बदललें तें पाहण्यासारखें आहे. जानोजीला मुलगा नव्हता. त्यानें मुधोजीचाच मुलगा रघूजी यास वारस ठरविलें आणि १७७२ मध्यें देह ठेवला. याहून शहाणपणाची तडजोड सुचणें कठीण. तरीही जानोजीची विधवा दर्याबाई व धाकटा भाऊ साबाजी यांनीं ती मानली नाहीं. पुण्याच्या एका पक्षानें साबाजीचा हात धरला, राघोबादादांनीं मुधोजीचा. स्वतः पंचाच्याच घरांत तेव्हां भाऊबंदकी माजलेली, त्यामुळें निवाडा एकाचे दोन झाले. जानेवारी १७७५ मध्यें नागपूरच्या दक्षिणेस पांचगांवाजवळ दोघे भाऊ भिडले. साबाजीची सरशी होत होती. जय हातीं आलाच या भरांत त्यानें आपला हत्ती मुधोजीच्या हत्तीवर घातला, आणि मुधोजीनें त्याला गोळी घालून ठार केलें. लढाई तेथेंच संपली. मुधोजीनें पुढें १७८८ पर्यंत मुलाच्या नांवानें कारभार केला, आणि त्याला भ्रातृघातकी म्हणून फारसें कोणी संबोधीत नाहीं.

त्याच घराण्यांत १८१७ च्या फेब्रुवारींत दुसरा मृत्यु झाला. दुसऱ्या रघूजीचा मुलगा परसोजी शरीरानें व बुद्धीनें पंगू होता. चुलतभाऊ आप्पासाहेब कारभार पाहत होता आणि परसोजीच्या मागें वारसही तोच होता. परसोजीला रात्रीं अंथरुणांत मारण्यांत आलें. मुधोजीची गोळी आणि ही हत्या यांत भेद आहे, तो यशापयशाचाच नव्हे. साबाजी शस्त्र घेऊन समोर आला होता. परसोजीला आपण कोणाच्या वाटेंत आहों हेंही कळत नव्हतें. पण येथें पंचाची नीति पाहावी. राजवाड्यांत बाकाबाई व धर्माजी भोसले यांचा पक्ष आपल्याविरुद्ध आहे या धास्तीनें आप्पासाहेबानें मे १८१६ मध्येंच इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला होता. परसोजी मेला तेव्हां त्याच इंग्रजांनीं आप्पासाहेबास राजा म्हणून मान्य केलें. खुनाचा तपास लागून गवगवा झाला तो सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्यें, म्हणजे राजा शत्रु ठरल्यावर. वर्धेच्या खोऱ्यांत पेंढाऱ्यांच्या भयानें गांवोगांव मातीच्या गढ्या उभारल्या गेल्या त्या याच पडत्या काळांतल्या. गादी कोणाची हा वाद चालला असतां रयत आपला पंच त्या भिंतींत शोधीत होती.

यावर कोणी म्हणेल, मग दुर्बळानें काय करावें? तिसऱ्याकडे जाऊं नये असें ठरलें तर दांडग्याचें फावलेंच. हा आक्षेप मी हलका समजत नाहीं. शेताचा वाद असेल तर न्यायाधीशाकडे जाणें हाच धर्म आहे, कारण निवाडा झाल्यावरही शेत शेतच राहतें आणि न्यायाधीश त्यांत नांगर घालीत नाहीं. राज्याचें तसें नाहीं. दुसऱ्याच्या निवाड्यानें मिळालेलें राज्य त्या निवाड्याइतकेंच टिकाऊ असतें. भरताचें उदाहरण येथें देण्याची रीत आहे, पण तें लागू पडत नाहीं. तेथें दोघेही भाऊ नको म्हणत होते. मला बिंबाजी आठवतो. तोही थोरल्या राणीचाच मुलगा, आणि मुधोजीला जो मान सांगतां येत होता तो त्यालाही आईकडून मिळालेला. तो रतनपुरास गेला आणि आपल्या वाट्याच्या मुलुखाचा कारभार करीत १७८७ पर्यंत जगला. त्यानें त्याग केला असें मी म्हणत नाहीं. पण नागपूरच्या गादीसाठीं तो कोणाच्या दाराशीं गेला नाहीं, आणि त्याच्या हयातींत छत्तीसगड त्याच्याकडून कोणी काढून घेतलें नाहीं.

काळ लोटला कीं मूळचा अन्याय धुऊन निघतो असेंही एक मत आहे. जपानांत १९११ मध्यें शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकावरून वाद पेटला. त्या दोन दरबारांस पुस्तकानें सारखेंच मानलें होतें. अखेर दक्षिणेचा दरबार न्याय्य असा निर्णय झाला. तो ज्यांच्या संमतीनें झाला ते मेइजी सम्राट उत्तरेच्या शाखेचे वंशज होते. पूर्वजांचा दावा खोटा ठरला आणि वंशजाचें आसन कायम राहिलें. पांचशें वर्षांनीं हक्क धुऊन निघाला नव्हता; फक्त त्याची गरज संपली होती.

नागपुरास ही चैन मिळाली नाहीं. १८१८ मध्यें आप्पासाहेबास काढून इंग्रजांनीं दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा दत्तक म्हणून गादीवर बसविला. तेव्हां दत्तक चालला. तोच तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारला, तेव्हां राण्यांनीं मांडलेला दत्तक चालला नाहीं, आणि १८५४ मध्यें डलहौसीनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहीर लिलांवास गेलें. ज्या बाकाबाईंनीं १८१६ मध्यें आप्पासाहेबाविरुद्ध पक्ष उभारला होता त्याच आतां वृद्धपणीं त्या दत्तकासाठीं अर्जविनंत्या करीत होत्या. १८५७ मध्यें त्यांनीं आपलीं माणसें इंग्रजांविरुद्ध जाऊं दिलीं नाहींत. पुढल्याच वर्षीं त्या वारल्या. त्यांच्या मागें त्या दत्तक मुलास, जानोजीस, राजे बहादूर ही पदवी आणि सातारा प्रांतांतील देऊर गांव मिळालें. याच देऊरहून त्यांचे पूर्वज पहिल्यानें घोड्यावर बसून बाहेर पडले होते.