बावटा

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली आणि मिरकरवाड्याच्या नौका बाहेर पडल्या. तिसऱ्याच दिवशी जयगडसमोर वारं फिरलं. जाळं ओढताना दोर तांडेलाच्या तळहातातून सरसरत गेला. हात फाटलाय हे त्याला नौका बंदरात शिरल्यावर दिसलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, दहा दिवसांत जखम भरली.

पुढच्या वर्षी तोच हात, तसाच दोर, समुद्र मात्र शांत. जखम लहानशी, पण तीन आठवडे झाले तरी लाल आणि सुजलेली. डॉक्टरांनी आधी साखर तपासली. ती ठीक निघाली. मग त्यांनी विचारलं, "तांडेल, झोप लागते?"

बऱ्याच वेळाने तो बोलला. इंजिनाचं कर्ज, चार महिन्यांचे थकलेले हप्ते. घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"बंदरावर धोक्याचा बावटा लागला की तुम्ही काय करता?"

"धावतो. नौका आत घेतो, दोर आवळतो."

"गेल्या वर्षी तुमच्या अंगात तेच झालं. भीती वाटली, अॅड्रेनलिन सुटलं आणि काही मिनिटांत प्लीहेतल्या पांढऱ्या पेशी रक्तात उतरल्या. तिथून त्या कातडीकडे पहाऱ्याला जातात. जखम होण्याआधीच शरीर तयारीला लागतं. वादळ सरलं की कॉर्टिसॉल सगळ्यांना आवरतं, सूज ओसरते. पण बावटा चार महिने तसाच फडकत राहिला तर?"

"कोण बघणार त्याच्याकडे?"

"पेशीही बघत नाहीत. कॉर्टिसॉलचा हुकूम त्या ऐकेनाशा होतात. जिथे सूज हवी तिथे ती वेळेवर येत नाही, आली तर हटत नाही." १९९५ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर मुद्दाम छोटी जखम करून पाहिली होती, हेही डॉक्टरांनी सांगितलं. इतर बायकांपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले.

त्या रात्री तांडेलाने बायकोला सगळं सांगितलं. ती मासळी विकते, हिशेबाला पक्की. सकाळी वही काखोटीला मारून नवऱ्याला घेऊन बँकेत गेली आणि हप्ते लांबवून आली. जखम नवरात्रात भरली. मलमाने की झोपेने, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत.

तुमची जखम रेंगाळत असेल तर साखर तपासून घ्याच. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी झोपेचं आपणहून सांगा.